जाड नळी, थंड नळी

दक्षिण टेक्ससच्या काटेरी झुडपांतून जमीनमालक यंत्राने सरळ पट्टे कापून ठेवतात. तिथे त्यांना स्पॅनिश शब्दाने ‘सेंडेरो’ म्हणतात, म्हणजे पायवाट. व्हाइटटेल हरीण असा पट्टा काही सेकंदांत ओलांडून पलीकडच्या झुडपात शिरतं. तेवढ्यात मचाणावरच्या माणसाला नर की मादी ते ओळखायचं, अंतर ठरवायचं आणि गोळी झाडायची असते. रेमिंग्टन या अमेरिकी बंदूक कंपनीने १९९४ साली ‘७००’ मालिकेत २६ इंची जाड नळीची रायफल आणली आणि तिचं नावच सेंडेरो ठेवलं. जाड नळीची हरणाची रायफल शोभते ती अशाच ठिकाणी, जिथे चालणं कमी आणि बसणं जास्त.

तोंडाशी साध्या शिकारी नळीचा व्यास साधारण ०.६५ इंच असतो, जाड नळीचा ०.८२ च्या आसपास. फरक बोटाला जेमतेम जाणवतो. पण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे नळी जवळजवळ अडीचपट ताठ. गोळी सुटताना नळी थरथरते. ताठ नळी कमी थरथरते, आणि काडतुसं बदलली तरी फार नखरे करत नाही. लांबीचाही थोडा फायदा आहे: .३०८ विंचेस्टर या काडतुसात नळीच्या दर इंचाला सेकंदाला वीस-पंचवीस फूट वेग वाढतो. २२ ऐवजी २६ इंची नळी म्हणजे फार तर शंभर फूट. त्यासाठी कोणी जाड नळी घेऊ नये.

उष्णतेच्या बाबतीत मात्र बरीच गफलत होते. जाड नळी उशिरा तापते, म्हणून वीस गोळ्यांनंतरही गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, फारसा पसरत नाही. हे खरं आहे, पण हरणावर वीस गोळ्या कोण झाडतं? एक, क्वचित दोन, आणि तीही पहाटेच्या गारठ्यात थंड नळीतून. त्यामुळे नेमबाजीच्या मैदानावर लागोपाठ पाच गोळ्या झाडून काढलेला अर्ध्या इंचाचा गट दाखवायला छान, पण हंगामात त्याचा उपयोग कमी. त्यापेक्षा पाच वेगवेगळ्या सकाळी, एकाच कागदावर, रोज एकच गोळी झाडा. १०० यार्डांवर त्या पाच भोकांचा पसारा इंचभर आला तर रायफल उत्तम. दीड इंचही चालतो: हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा पट्टा साधारण आठ इंचांचा असतो आणि ३०० यार्डांवर दीड इंचाचे साडेचार होतात.

पहिलं भोक बाकीच्यांपासून लांब पडत असेल, तर आधी नळीतल्या तेलाकडे पाहा. साफ करून तेलाचा हात फिरवलेल्या नळीची पहिली गोळी बहुतेकदा वेगळीकडे जाते. हंगामाआधी साफ करा, कोरडा बोळा फिरवा, दोन-तीन गोळ्या झाडा आणि नळी तशीच मळलेली राहू द्या. आदल्या रात्री हौसेने तेल घालू नका.

दुसरा संशयित दस्ता. नळी आणि दस्त्याच्या मधून कागदाची पट्टी थेट रिसीव्हरपर्यंत, म्हणजे नळी जिथे बसवलेली असते त्या धातूच्या भागापर्यंत, सरकली पाहिजे. स्वस्त प्लास्टिकचा दस्ता बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) टेकला की वाकतो आणि नळीला चिकटतो, म्हणून ही तपासणी बायपॉडवर भार देऊन करायची. अॅल्युमिनियमच्या बैठकीचा दस्ता असेल तर दस्त्याचे स्क्रू ६५ इंच-पाउंड (आवळण्याच्या जोराचं माप), नुसत्या लाकडाला ४५ च्या आत. जास्त आवळले तर लाकूड दबतं आणि नेम सरकतो. स्कोपच्या कड्यांच्या स्क्रूंना १५ ते २० पुरे.

काडतुसाबाबत: जाड नळीच्या बऱ्याच रायफली मुळात छोट्या प्राण्यांसाठी, .२२३ किंवा .२२-२५० मध्ये येतात. त्यांच्या हलक्या, पातळ कवचाच्या गोळ्या खांद्याच्या हाडावर फुटतात आणि हरीण जखमी होऊन निघून जातं. टेक्ससमध्ये .२२३ चालते, पण व्हर्जिनियाला निदान .२३ कॅलिबर (इंचांतला गोळीचा व्यास) लागतं आणि कोलोराडोला निदान .२४. .३०८ मध्ये १५० किंवा १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) शिकारी गोळी घ्या. स्पर्धेची १६८ ग्रेनची गोळी कागदावर सरस असते, पण ती प्राण्यात नीट उमलण्यासाठी बनवलेली नाही. १५० ग्रेनचा नेम २०० यार्डांवर लावला तर १०० ला गोळी दोनएक इंच वर, ३०० ला आठ-नऊ इंच खाली आणि ४०० ला साधारण दोन फूट खाली. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ३०० यार्डांवर तिला ७ ते १० इंच बाजूला ढकलतो. जाड नळीला वारा ओळखता येत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे चितळ-सांबराचा विषयच संपला. अमेरिकेत एच-१बी वगैरे व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: तिथल्या संघीय कायद्यानुसार अशा व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही, आणि वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. उसनी रायफल हातात घेण्याआधी परवाना खिशात हवा.

आता मचाणातली चूक. जाड नळीवर मोठ्या भिंगाचा स्कोप बसवायला उंच कडी लागतात, त्यामुळे नजरेची रेषा नळीच्या दोन इंच वर जाते. स्कोपमधून हरीण स्वच्छ दिसतं आणि गोळी जाते मचाणाच्या खिडकीच्या फळीत. चाप ओढण्याआधी डोळा स्कोपवरून काढून नळीचं तोंड फळीच्या पुढे आहे का, ते बघा. उंच स्कोपमुळे गालही दस्त्यावरून उठतो. तिथे गालपट्टी बांधा. टेकवायचा तो दस्ता, नळी नव्हे. नळी फळीवर टेकवली तर गोळी नेहमीच्या जागेवरून हटते, बहुधा वर. आणि मचाणाच्या बंद खोक्यात कानांना संरक्षण हवंच.

स्कोप, कडी, बायपॉड धरून ही रायफल साडेचार-पाच किलोंची होते. टेकवून मारताना हे वजन मित्र: धक्का कमी, स्कोपमधली नेमाची फुली स्थिर. उभ्याने मारताना तोंड जड होऊन खाली झुकतं. डोंगरात दिवसभर चालायचं असेल तर मी ती कोणाला सुचवणार नाही. शिडीवर तर ती खांद्याला लावून चढूच नका. रिकामी करा, बोल्ट उघडा ठेवा, दोरीला बांधा, आधी आपण चढा आणि मग ओढून घ्या. नळीच्या तोंडावर साध्या विजेच्या टेपचा एक तुकडा लावला की चिखल आत जात नाही. टेप काढायची गरज नाही. गोळीच्या पुढची हवाच तो फाडते आणि नेम बदलत नाही.