कंट्री संगीतात ‘ग्रेटेस्ट हिट्स’ला दुय्यम का मानू नये

पाश्चात्त्य संगीत जाणीवपूर्वक ऐकणाऱ्या अनेकांना ‘ग्रेटेस्ट हिट्स’ असे नाव असलेल्या अल्बमविषयी फारसा आदर नसतो. कलावंताने एका विचाराने घडवलेला मूळ अल्बमच ऐकावा, निवडक गाण्यांचा संग्रह हा घाईत असलेल्या श्रोत्यासाठी असतो, असा त्यांचा आग्रह असतो. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरच्या रॉक संगीतापुरता तो बराचसा योग्य आहे, कारण तिथे गायक आणि वादक अल्बमचाच विचार करून गाणी रचत होते. मात्र हाच निकष अमेरिकेच्या कंट्री संगीताला, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून वाढलेल्या लोकप्रिय संगीताला, सरसकट लावला, तर त्या संगीतावर अन्याय होतो. १९४०च्या दशकापासून साधारण १९८०पर्यंतच्या बहुतेक कंट्री गायकांच्या बाबतीत नीट निवडलेला संग्रह हाच त्यांच्या कामाचा गाभा आहे आणि त्यांचे मूळ अल्बम हे पुष्कळदा त्या गाभ्याभोवतीचे भरताड आहे, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण हे संगीत कसे तयार होत होते आणि कसे विकले जात होते, यात आहे. कोलंबिया कंपनीने १९४८ साली एल.पी., म्हणजे पुष्कळ गाणी मावणारी मोठी तबकडी, बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीने मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. कंट्री संगीताने यातली छोटी तबकडी आपली मानली. एका बाजूला एक गाणे, दुसऱ्या बाजूला दुसरे, प्रत्येकाची लांबी तीन मिनिटांच्या आसपास. ती रेडिओ केंद्रावर वाजे आणि रस्त्याकडेच्या खाणावळीतल्या किंवा दारूच्या गुत्त्यातल्या ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकले की वाजे. कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या स्टुडिओत तीन तासांच्या एका बैठकीत तीन-चार गाणी ध्वनिमुद्रित करण्याची रीत होती, आणि त्या बैठकीत सगळ्यांची नजर पुढची छोटी तबकडी कोणती निघणार, याकडे असे. एल.पी. नंतर भरली जाई. गाजलेली एक-दोन गाणी घ्यायची, त्या वर्षी इतर गायकांनी गाजवलेली काही गाणी याच गायकाकडून म्हणवून घ्यायची, उरलेली जागा कंपनीच्या प्रकाशन विभागाकडे पडून असलेल्या गाण्यांनी भरायची आणि मुखपृष्ठावर गाजलेल्या गाण्याचे नाव ठळक छापायचे, असा तो सर्वसाधारण प्रकार होता. आकाशवाणीवर भावगीत ऐकणाऱ्या आपल्या आधीच्या पिढ्यांना ते गाणे कोणत्या तबकडीवर आहे याच्याशी काही देणेघेणे नव्हते, गाणे हेच संपूर्ण काम होते. कंट्री संगीताच्या श्रोत्याचेही तसेच होते.

गायिका पॅट्सी क्लाइनचे उदाहरण मला यात सर्वांत बोलके वाटते. ५ मार्च १९६३ रोजी टेनेसी राज्यात कॅम्डेनजवळ झालेल्या विमान अपघातात ती गेली, तेव्हा ती अवघी ३० वर्षांची होती आणि तिच्या हयातीत तिचे फक्त तीन अल्बम निघाले होते. सुरुवातीची अनेक वर्षे ती ‘फोर स्टार’ या छोट्या कंपनीच्या कराराने बांधलेली होती आणि त्या करारानुसार तिला त्याच कंपनीच्या मालकीची गाणी गावी लागत. ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ हे १९५७ साली गाजलेले गाणे सोडले, तर त्या काळातले फारसे काही लोकांच्या ओठी राहिले नाही. करार संपल्यावर ती थेट डेका कंपनीकडे आली, निर्माता ओवेन ब्रॅडली तिच्यासाठी मोकळेपणाने गाणी निवडू लागला आणि पुढच्या जेमतेम अडीच वर्षांत तिच्या आयुष्यातले जवळपास सगळे मोठे काम झाले.

डेकाने १९६७ साली ‘पॅट्सी क्लाइन्स ग्रेटेस्ट हिट्स’ काढला, तो याच कामाचा. त्यात १२ गाणी आहेत आणि पुढे एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटींहून अधिक प्रती गेल्या. ही १२ गाणी ओळीने ऐकली की एका गायिकेचा आवाज आणि एका निर्मात्याचा कान एकमेकांना कसे सापडत गेले, ते स्पष्ट ऐकू येते. ‘आय फॉल टू पीसेस’मध्ये जॉर्डनेअर्स या गायकगटाचा समूहस्वर तिच्या मागे मऊ पडद्यासारखा राहतो आणि ती त्याच्या पुढे अगदी मोकळ्या, न ताणलेल्या आवाजात गाते. ‘क्रेझी’ हे विली नेल्सनने लिहिलेले गाणे तिने १९६१च्या उन्हाळ्यात गायला घेतले, तेव्हा ती जूनमधल्या भीषण मोटार अपघातातून जेमतेम सावरत होती. बरगड्यांच्या दुखण्यामुळे वरचे स्वर लागेनात, म्हणून त्या दिवशी ब्रॅडलीच्या अर्धगोल पत्र्याच्या छपराच्या स्टुडिओत वादकांचाच भाग पक्का केला गेला आणि नंतर परत येऊन तिने आपला आवाज त्यावर भरला. फ्लॉइड क्रेमरच्या पियानोच्या त्या निवांत सुरावटीवर ती प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द किंचित उशिरा सोडते. हे लक्ष देऊन ऐकले, की एवढ्या सावकाश चालीच्या गाण्यात तणाव कुठून येतो ते कळते. ‘शीज गॉट यू’मध्ये तर सगळे दुःख वस्तूंच्या यादीत आहे: त्याचे छायाचित्र, एकत्र ऐकलेल्या तबकड्या, अंगठी, हे सगळे माझ्यापाशी आहे, पण तो तिच्यापाशी आहे. तिचे शेवटच्या काळातले अल्बमही मी आवडीने ऐकतो, परंतु त्यांत इतरांनी आधीच नावारूपाला आणलेली गाणी बरीच आहेत आणि ती ऐकताना ही एकसंध वाढ जाणवत नाही.

एक गोष्ट मात्र या संग्रहाविषयी सांगायलाच हवी. त्यातले ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ हे १९५७ साली गाजलेले मूळ ध्वनिमुद्रण नसून १९६१ साली नव्याने केलेले आहे. नवे अधिक गुळगुळीत आहे. जुन्यातल्या स्टील गिटारचा (तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवतात ती गिटार) खरखरीतपणा आणि रात्रीच्या रस्त्यावरून एकटीने चालल्याचा भास त्यात कमी होतो. संग्रह कितीही चांगला असला, तरी त्यात कोणते ध्वनिमुद्रण घेतले आहे, हे पाहावेच लागते.

गायक हँक विल्यम्सच्या बाबतीत हा प्रश्न फारच गंभीर झाला होता. १ जानेवारी १९५३ रोजी ओहायोतल्या कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या आसनावर तो मरण पावला, तेव्हा त्याचे वय २९ होते. त्याच्या हयातीत प्रत्येकी आठ गाण्यांच्या दोन छोट्या एल.पी. सोडल्या, तर बाकी सगळे सुट्या तबकड्यांच्या रूपातच निघाले होते. म्हणजे ज्याला कंट्री संगीताचा आद्य पुरुष म्हणावे, त्याचा ‘मूळ अल्बम’ म्हणता येईल असे जवळजवळ काही नाहीच. त्याला ऐकायचे तर संग्रहातूनच ऐकावे लागते. त्याच्या मृत्यूनंतर एमजीएम कंपनीने हीच ध्वनिमुद्रणे पुन्हा पुन्हा विकली आणि १९६०च्या दशकात तर त्यांवर व्हायोलिनांचे ताफे चढवले, मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीवरच्या, ध्वनिमुद्रणांना यंत्राने खोटे स्टिरिओ रूप दिले. डॉन हेल्म्सची स्टील गिटार आणि जेरी रिव्हर्सचे फिडल, म्हणजे कंट्री ढंगाने वाजवलेले व्हायोलिन, यांच्या मधोमध उभा असलेला तो कोरडा, चिरका, थेट काळजाला भिडणारा आवाज त्या गोडव्यात बुडाला. १९७८ साली ‘फोर्टी ग्रेटेस्ट हिट्स’ हा दोन तबकड्यांचा संग्रह निघाला आणि त्याने ही गाणी मूळ मोनो रूपात, वरचे सगळे थर काढून लोकांपुढे ठेवली. माझ्या मते कंट्री संगीताच्या इतिहासात एखाद्या संग्रहाने केलेले हे सर्वांत मोठे काम आहे.

या संग्रहाचे दुसरे मोल निवडीत आहे. ‘आय अॅम सो लोनसम आय कुड क्राय’ हे आज हँक विल्यम्सचे सर्वश्रेष्ठ गाणे मानले जाते, पण १९४९ साली ते तबकडीच्या मागच्या बाजूला निघाले होते, पुढच्या बाजूला ‘माय बकेट्स गॉट अ होल इन इट’ हे हलकेफुलके गाणे होते. मुखपृष्ठावर ‘हिट्स’ लिहिलेले असताना केवळ खपाच्या यादीवर बोट ठेवून निवड करणाऱ्या माणसाने ते मागच्या बाजूचे गाणे सहज वगळले असते. इथे ते आहे, कारण निवडणाऱ्याने कानाने निवडले.

गायक जिम रीव्ह्जच्या वाट्याला याच्या उलट आले. गोव्यात आणि मुंबईतल्या वांद्र्यासारख्या वस्त्यांमधल्या ख्रिस्ती घरांत त्याची नाताळगीते आणि ‘हील हॅव टू गो’ सारखी गाणी कित्येक वर्षे आवडीने ऐकली जात आहेत. आपल्याकडच्या अनेकांना कंट्री संगीत त्याच्याच आवाजातून आधी कळले. तोही ३१ जुलै १९६४ रोजी विमान अपघातात गेला. त्यानंतर आरसीएने त्याच्या आवाजाखाली नवे वाद्यमेळ घालून कित्येक वर्षे नव्या तबकड्या काढल्या, आणि १९८१ साली तर त्याचा आणि पॅट्सी क्लाइनचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ एकत्र काढताना दोघांचे स्वतंत्र आवाज यंत्राने जोडून युगुलगीत तयार केले. या दोघांनी हयातीत एकत्र एकही गाणे ध्वनिमुद्रित केले नव्हते. ते युगुलगीत खपलेही चांगले, पण संग्रह या प्रकाराची जी बदनामी झाली, ती अशाच उद्योगांमुळे झाली, असे मला वाटते. याच माळेतले दुसरे उद्योग म्हणजे स्वस्त कॅसेट आणि सीडींवर विकली गेलेली, गायकाने उतारवयात नव्याने गायलेली आपलीच जुनी गाणी. मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे असल्याने हा मार्ग काढला जाई आणि ‘मूळ कलावंताचे नवे ध्वनिमुद्रण’ ही ओळ मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असे.

हक्कांची ही वाटणी प्रामाणिक संग्रहांनाही सोडत नाही. गायक जॉर्ज जोन्स स्टारडे, मर्क्युरी, युनायटेड आर्टिस्ट्स, म्युझिकॉर आणि एपिक अशा एकामागून एक कंपन्यांकडे गेला आणि प्रत्येकीसाठी अल्बमांचे ढीग रचून गेला. १९८२ साली एपिकने काढलेला ‘अॅनिव्हर्सरी: टेन इयर्स ऑफ हिट्स’ हा त्यातल्या शेवटच्या टप्प्याचाच संग्रह आहे, म्हणून त्यात ‘शी थिंक्स आय स्टिल केअर’ नाही. तरीही तो ऐकावाच. निर्माता बिली शेरिलने जोन्सच्या आवाजाला दिलेली मोठी जागा इथे दहा वर्षांच्या पट्ट्यात दिसते. १९७४च्या ‘द ग्रँड टूर’मध्ये एक माणूस पाहुण्याला आपले रिकामे घर दाखवत हिंडवतो आणि अगदी शेवटी, बाळाच्या खोलीपाशी आल्यावर, बायको मूलही घेऊन गेल्याचे कळते. १९८०च्या ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’मध्ये माणसाचे प्रेम त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशीच थांबते; इतके दुःखी गाणे कोणी विकत घेणार नाही, असे खुद्द जोन्सला वाटत होते. या दोन गाण्यांमध्ये सहा वर्षे आणि कित्येक अल्बम आहेत. संग्रहात ती जवळ येतात, आणि त्याने स्वर दाबून, जबड्यात अडवून, मग सोडण्याची जी पद्धत या काळात पक्की केली, ती तुलनेने ऐकता येते.

संग्रहाने भागत नाही असे अल्बमही कंट्री संगीतात आहेत आणि ते मान्य न करणे चुकीचे ठरेल. विली नेल्सनचा १९७५चा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ ही एक सलग कथा आहे: बायकोला आणि तिच्या प्रियकराला मारून रानोमाळ भटकणाऱ्या धर्मोपदेशकाची. त्यातले ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’ हे गाणे हँक विल्यम्सच्याच निर्मात्याने, फ्रेड रोजने, पूर्वी लिहिलेले होते. ते सुटे ऐकले तर विरहाचे साधे, सुंदर गाणे आहे. कथेत ऐकले तर ते खुन्याच्या पश्चात्तापाचे गाणे होते. ते ज्या कोणत्या संग्रहात गेले, तिथे त्याचा अर्धा अर्थ हरवला. गायक गार्थ ब्रूक्सलाही आपल्या अल्बमांविषयी अशीच काळजी होती. १९९४ साली ‘द हिट्स’ निघाला तो मर्यादित काळापुरताच, आणि पुढच्या वर्षी हॉलिवूडच्या पदपथावर त्याच्या नावाचा तारा बसवला गेला, तेव्हा त्या संग्रहाच्या मास्टर टेप, म्हणजे ज्यांवरून प्रती काढतात त्या मूळ फिती, त्याखाली पुरण्यात आल्या. त्याची भूमिका मला समजते, कारण तो ज्या काळात गात होता त्या काळात सीडीवरचा अल्बम हाच विक्रीचा एकक झालेला होता.

आता मोबाईलवर कोणत्याही गायकाचे नाव टाकले की यंत्राने जुळवलेली यादी समोर येते आणि त्यात मूळ ध्वनिमुद्रण, उतारवयातले ध्वनिमुद्रण आणि मैफलीतले ध्वनिमुद्रण एकाच मुखपृष्ठाखाली नांदतात. म्हणूनच जुन्या संग्रहांची निवड कोणी, कोणत्या निकषावर केली, हे विचारणे आजही निरर्थक नाही. जॉर्ज स्ट्रेटचा २००४चा ‘फिफ्टी नंबर वन्स’ या बाबतीत विचार करण्यासारखा आहे. एका गायकाची पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली ५० गाणी आणि सोबत एक नवे, असा तो संग्रह. विक्रम म्हणून थक्क करणारा आणि ऐकायलाही आनंदाचा. पण निकष आकड्याचा असल्यामुळे त्यात ‘अॅमरिलो बाय मॉर्निंग’ नाही. फिडलच्या त्या लांब, एकाकी सुरावटीने सुरू होणारे, घोड्यावरच्या खेळांपायी बायको आणि पैसा गमावूनही पहाटेपर्यंत अॅमरिलो गाठू पाहणाऱ्या माणसाचे हे गाणे १९८३ साली चौथ्या क्रमांकावर थांबले होते. स्ट्रेटच्या चाहत्याला विचारा, बहुतेक जण आधी याच गाण्याचे नाव घेतील. १९९५च्या ‘स्ट्रेट आउट ऑफ द बॉक्स’ या चार सीडींच्या संचात ते आहे, आणि माझ्या मते त्याच्या कामाचा योग्य संग्रह तोच आहे.