हेलिकॉप्टरांचा काठ

हॅम्बर्गच्या जुन्या वखारींच्या भागात, श्पायशरश्टाटमध्ये, कालव्याला लागून लाल विटांच्या इमारती आहेत. आत गालिच्यांचे ढीग. या शहरात अफगाण लोकांची मोठी वस्ती आहे. ज्यांच्या दुकानात मी शिरले ते चाचा तरुणपणी पेशावरच्या निर्वासित छावणीत राहिलेले, त्यामुळे उर्दू अस्खलित. ‘बैठो बेटी’ म्हणत त्यांनी हिरवा चहा पुढे केला.

मी सोलापूरची. चादर हातात आली की आधी उलटी करून बघायची, ही घरची सवय. त्यांनी पसरलेला लहानसा बलुची गालिचाही मी तसाच उलटा केला. गाठी बारीक, एकसारख्या. सुलटा केला आणि हात थांबला. काठावर फुलं असतील असं लांबून वाटलं होतं. ती हेलिकॉप्टरं होती, एकामागे एक. मध्ये रणगाडे, कलाश्निकोव्ह बंदुका आणि त्यांच्यामध्येच एक चहाची किटली.

डिसेंबर १९७९मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, त्यानंतर असे गालिचे विणले जाऊ लागले. विणणाऱ्यांत बायका पुष्कळ. काही आपल्या गावात, काही पाकिस्तानातल्या छावण्यांत. फेब्रुवारी १९८९मध्ये फौजा परतल्या, तेही गालिच्यांवर आलं. पुढे २००१नंतर न्यूयॉर्कचे जळते मनोरेही विणले गेले. त्यावरची इंग्रजी अक्षरं बरेचदा चुकलेली, कारण विणणारीला ती वाचता येत नव्हती, ती आकार बघून गाठी मारत होती.

हे सगळं परदेशी गिऱ्हाइकासाठीच, असं काही जण म्हणतात. गिऱ्हाईक होतंच: सैनिक, पत्रकार, मदतकार्याला आलेली माणसं. व्यापारी नक्षी सांगत, मागणी पुरवत. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पैठणीवरचा मोरही विकायलाच विणतात. आणि डोक्यावरून हेलिकॉप्टर जाताना पाहिलेल्या बाईला त्याचं पातं कसं दिसतं हे कुणी शिकवावं लागलं नसेल.

चाचांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. एका रणगाड्याचा पुढचा भाग गडद तपकिरी, मागचा लालसर. लोकर संपली, नवी रंगवून आणली, रंग जुळला नाही, आणि ती तिथूनच पुढे विणायला बसली. त्या जोडावरून मी बराच वेळ बोट फिरवत राहिले. हाताला काहीच फरक लागत नव्हता.