मॅक्रो सेटअपची प्रगती: लेन्स आली, आता तिचे कागद

लहान गोष्टी अगदी जवळून टिपण्यासाठी, म्हणजे मॅक्रोसाठी, कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायच्या पोकळ नळ्या, एक्स्टेन्शन ट्यूब, अखेर विकल्या गेल्या आणि त्यांच्या जागी सिग्माची १०५ एमएम एफ/२.८ डीजी डीएन मॅक्रो आर्ट आली, सोनीच्या ई माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडली जाते तो भाग). लेन्स २०२० सालची आहे, त्यामुळे तिच्या शार्पनेसबद्दल लिहून झालेलं भरपूर सापडेल. १:१ मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढी, २९.५ सेंटिमीटरवर मिळतं, फिल्टर ६२ एमएमचा लागतो, वजन सातशे ग्रॅमच्या जरा वर. या नोंदीत फोटो कमी आणि कागद जास्त आहेत. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर भेटणाऱ्या आपल्या फोटोग्राफर मंडळींचा वॉरंटी कार्डावर जेवढा विश्वास आहे, तेवढा माझा नाही.

खरेदी टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात केली. खोका उघडायच्या आधी बाहेरचं लेबल वाचून घेतलं. भारतात आयात करून विकल्या जाणाऱ्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. वैधमापन शास्त्राचे २०११ चे नियम तसं सांगतात. बहुतेक वेळा हे सगळं एका वेगळ्या पांढऱ्या स्टिकरवर असतं आणि खोका फोडताना आपण नेमकं तेच फाडतो. त्यावर आयातदाराचं जे नाव आहे, तेच वॉरंटी कार्डावर आहे का, एवढं आधी बघायचं. स्टिकरच नसेल किंवा कार्डावर परदेशातल्याच कुठल्या तरी वितरकाचं नाव असेल, तर तो माल ग्रे, म्हणजे अधिकृत आयातदाराला वगळून आलेला, समजावा. ग्रे म्हणजे नकली नव्हे. सिग्माच्या लेन्स जपानमधल्या आयझूच्या कारखान्यातच बनतात, ग्रेसुद्धा तिथूनच निघालेली असते. फरक एवढाच की उद्या फोकसची मोटर अडकली तर इथलं सर्व्हिस सेंटर तिला वॉरंटीत घ्यायला बांधील नसतं. स्वस्तात मिळत असेल आणि हे माहीत असूनही कुणी घेत असेल, तर खुशाल घ्यावी. वॉरंटी आहे असं समजून मात्र घेऊ नये.

मग सिरियल नंबर. तो चार ठिकाणी जुळायला हवा: लेन्सच्या नळीवर, खोक्यावरच्या लेबलवर, कार्डावर आणि बिलावर. नळीवरची अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही आठ आणि तीन सारखेच दिसतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढला आणि झूम करून एकेक आकडा मोठ्याने वाचला. काउंटरवरचा मुलगा खोक्यावर बोट ठेवून पडताळत होता. सिग्मा घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: नळीवर ‘०२०’ असा ठळक आकडा दिसतो. त्याचा तुमच्या लेन्सच्या वयाशी काही संबंध नाही. ते मॉडेल ज्या वर्षी आलं त्याचा तो आकडा, म्हणजे आज बनलेल्या नगावरही ०२० च असणार. सेकंडहँड बाजारात यावरून ‘लेन्स जुनी आहे, भाव कमी करा’ असा वाद घालणारे भेटतात.

माउंटही लेबलवर वाचून घ्या. हीच लेन्स एल माउंटमध्येही (पॅनासोनिक, लायका वगैरे कॅमेऱ्यांसाठी) मिळते आणि दोन्ही खोके लांबून सारखेच दिसतात.

खोका, नळी, कार्ड, तिन्ही जुळलं. बिलावर नंबरच नव्हता.

‘‘सर, कार्डावर शिक्का मारून देतो ना, तेच लागतं,’’ मुलगा म्हणाला.

‘‘शिक्का माराच. पण बिलात सिरियल नंबर टाका.’’

‘‘आम्ही कधी टाकत नाही.’’

आतून काकांचा आवाज आला, ‘‘टाक रे, कॉलम आहे त्यात.’’

त्याने टाकला. छापून आलेल्या बिलावर शेवटचे दोन आकडे उलटसुलट. पेनाने दुरुस्त करून देतो म्हणाला, ते मी नको म्हटलं. हाताने खोडलेला आकडा क्लेमच्या वेळी संशय वाढवतो. काकांनी बिल रद्द करून नवं काढलं आणि हसत म्हणाले, ‘‘तुमच्यासारखी दिवसाला चार गिऱ्हाइकं आली तर मला वेगळा माणूस ठेवावा लागेल.’’ ठेवा की काका, त्यात काय!

बिलासाठी मी एवढा का अडून बसलो? कार्ड कोऱ्या गठ्ठ्यातून काढून कुणीही भरू शकतो. बिलावर तारीख असते, दुकानाचा जीएसटी नंबर असतो (महाराष्ट्रातला असेल तर सुरुवातीला २७), मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड असतो. कॅमेरा लेन्सचा कोड ९००२ ने सुरू होतो. ‘फोटो ॲक्सेसरीज’ असं मोघम लिहिलेलं बिल मी घेत नाही. चोरी झाली तर एफआयआर आणि विमा दोन्हीकडे हाच कागद चालतो. परदेशी जाताना विमानतळावर कस्टम्सकडून उपकरणांचं निर्यात प्रमाणपत्र करून घेणाऱ्यांनाही सिरियल नंबर लागतोच. थर्मल कागदावरचं बिल असेल तर त्याच दिवशी स्कॅन करा, ते हळूहळू कोरं होतं.

घरी आल्यावर पहिल्या फोटोची फाइल एक्झिफटूल या प्रोग्रॅममध्ये टाकली. फोटोबरोबर कॅमेरा जी माहिती (एक्झिफ) फाइलमध्ये नोंदवतो ती तो दाखवतो. लेन्सच्या सिरियल नंबरसाठी एक्झिफमध्ये २०१० च्या २.३ आवृत्तीपासून वेगळा टॅग आहे. तो भरायचा की नाही हे बनवणाऱ्यावर सोडलेलं आहे, आणि माझ्या फाइलमध्ये तो नव्हताच. मॉडेलचं नाव मात्र बरोबर आलं. तेव्हा ‘एक्झिफवरून पडताळू’ या भरवशावर दुकानातून निघू नका. नळीवरचा आकडा तोच खरा.

डीसेंटरिंगची, म्हणजे लेन्समधली एखादी काच मधल्या रेषेवरून सरकली आहे का याची, चाचणीही उरकली, कारण दुकानाची बदलून देण्याची मुदत थोडीच असते. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवलं आणि मध्यभागी लहान आरसा टेकवला. कॅमेऱ्यात आपल्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसेपर्यंत ट्रायपॉड हलवायचा, म्हणजे सेन्सर भिंतीला समांतर झाला. मग आरसा काढून एफ/२.८ वर, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून, फोटो. चारही कोपऱ्यांतली छोट्या जाहिरातींची अक्षरं सारखीच कुरकुरीत आली. एक कोपरा मऊ आला असता तर लेन्स बदलून घ्यावी लागली असती, आणि मग नंबरही बदलला असता. बदली घेताना जुनंच कार्ड आणि जुनंच बिल हातात ठेवून परतणारे लोक मी पाहिले आहेत. नवा नग म्हणजे नवा नंबर, म्हणून सगळे कागदही नवे मागायचे.

कार्डावरच्या बारीक अटीही वाचून ठेवल्या. बुरशी वॉरंटीत येत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात तीच जास्त लागते, म्हणून ड्राय बॉक्स ४५ टक्के आर्द्रतेवर लावून ठेवलाय.

आता फ्लॅशचा प्रकाश मऊ करणाऱ्या डिफ्यूझरचं काम बाकी आहे. दुधाच्या पिशवीचा प्लास्टिक चालतो का ते पाहतोय. एल माउंटमध्ये हीच लेन्स वापरणारं कुणी असेल तर एक फाइल उघडून बघा आणि सिरियल नंबरचा टॅग भरलेला येतो का ते कळवा. बॉडी कुठली आहे तेही सांगा.