लोकर डाव्या हातात

सुलट, म्हणजे विणकामातला साधा टाका, विणताना मी सुयांकडं बघत नाही. टीव्ही बघते, कुकरच्या शिट्ट्या मोजते, जावेशी वाद घालते, हात आपले चालूच. लोकर उजव्या हातात, सुई टाक्यात घातली की बोटानं लोकर उचलून सुईवरनं टाकायची, ओढून घ्यायची, पुढचा टाका. मावशीनं शिकवलं तेव्हापासनं असंच, आणि आमच्या गल्लीत सगळ्याच बायका असंच विणायच्या, त्यामुळं विणायची दुसरी काही तऱ्हा असते हे कधी डोक्यातच आलं नाही. मग एक दिवस मोबाईलवर कुठल्यातरी जर्मन बाईचा व्हिडिओ आला. लोकर डाव्या हाताच्या बोटावर ताणून धरलेली आणि उजवी सुई नुसती आत जाते, लोकर टिपते, बाहेर येते. टाकाटाकी काही नाहीच. बाईची बोटं हलतायत का नाहीत तेच कळंना. इकडं माझा उजवा खांदा थंडी पडली की धरतो (कोल्हापुरात थंडी ती काय, पहाटे रंकाळ्यावर फिरणाऱ्यांच्या कानाला लागते तेवढीच, पण खांद्याला तेवढी पुरते). म्हटलं शिकूया.

डाव्या हाताच्या या पद्धतीला कॉन्टिनेंटल म्हणतात आणि आपल्या उजव्या हाताच्या पद्धतीला इंग्लिश. आपल्या सुयांचे नंबर पण इंग्रजांचेच, नंबर वाढला की सुई बारीक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत ही डाव्या हाताची तऱ्हा मागं पडली, का तर म्हणे जर्मन! लोकर कुठल्या हातात धरायची यात पण राजकारण. पुढं एलिझाबेथ झिमरमन नावाच्या बाईंनी, जन्म १९१० चा, इंग्लंडातला, नंतर अमेरिकेत गेलेल्या, टीव्हीवर विणकाम शिकवून या तऱ्हेला परत मान मिळवून दिला. पोर्तुगालमध्ये तर लोकर मानेमागनं घेतात नाहीतर छातीवर पिन लावून त्यातनं ओवतात आणि अंगठ्यानं झटकतात. त्यांना उलट टाका (सुलटची मागची बाजू) सोपा जातो. हे वाचून मला त्या बायकांचा जरा हेवाच वाटला, कारण पुढं सांगते.

सुलट जमायला फार वेळ लागला नाही. मी क्रोशा करते, आणि क्रोशात धागा डाव्याच हातात असतो, त्यामुळं डाव्या बोटाला ताण धरायची सवय होती. भानगड उजव्या हाताची. त्याला काम उरलं नाही तरी तो ऐकंना, दर टाक्याला आपला लोकर टाकायला निघायचा. सुई पुढं आणि लोकर भलतीकडंच, जत्रेत हात सुटलेल्या नवरा-बायकोसारखी. धाकटी जाऊ बघत बसलेली, म्हणाली, "अहो अक्का, इतकी वर्षं विणताय, आता ह्या वयात कशाला हे नवं खूळ?" तिला काय सांगणार. नवशिक्या मुलीला आपलं विणकाम वाईट आहे हे कळत तरी नाही, ती खूश असते. मला प्रत्येक टाका कळतो, हा सैल, हा घट्ट, हा पिळलेला, आणि कळूनही हात तेच करतो. जुन्या माणसानं नवं शिकण्यातला खरा ताप हा आहे, बाकी सगळं सोपं.

एक गोष्ट मात्र बरी, दोन्ही पद्धतीत लोकर सुईभोवती एकाच दिशेनं फिरते, म्हणून कापड सारखंच दिसतं. उलट्या दिशेनं फिरवली तर पुढच्या ओळीत टाका पिळून बसतो. हे आधीपासनं माहीत असल्यानं उसवणं बरंच वाचलं. माझा नवा हात सैल पडतो हे पण लगेच दिसलं, ९ नंबरच्या जागी १० नंबरची सुई घेतली, झालं.

पण उलट टाका! डाव्या हातातली लोकर सुईच्या पुढं आणायची, बोट खाली वाकवून धरायची, तेवढ्यात ती निसटणार. व्हिडिओतल्या बायका हसत हसत करतात, मला त्यात काही मजा वाटली नाही आणि वाटेल असं वाटतही नाही. मग सुलट ओळ नव्या पद्धतीनं आणि उलट ओळ जुन्या असं करून बघितलं, तर एक ओळ सैल एक घट्ट, कापडावर आडव्या पट्ट्याच पट्ट्या. यावर माझा उपाय म्हणजे गोलसुई, मधे वायरनं जोडलेल्या दोन सुया. गोल विणलं की साध्या विणीत उलट ओळ येतच नाही, सुलटच सुलट, गुंडा संपेपर्यंत. नातवाचा अर्धा झालेला स्वेटर मात्र जुन्याच हातानं पुरा करणार, मधेच ताण बदलला तर पुढचा भाग एक आणि पाठ एक व्हायची.

आणि खरी चैन तर दोन रंगात आहे. आधी नक्षी विणताना एक लोकर सोडायची, दुसरी धरायची, गुंता व्हायचा. आता उजव्या हातात निळी, डाव्या हातात पांढरी, दोन्ही हात आपापल्या पद्धतीनं. डाव्या हातातली लोकर खालनं जाते म्हणून तिचा रंग उठून दिसतो, तेव्हा नक्षीचा रंग डावीकडं घ्यायचा. मागनं जाणारे धागे जरा ढिले सोडायचे, नाहीतर टोपी आवळते.

टोपी जावेच्या नातीसाठी चाललीय. "खूळ" म्हणणारी आता रोज येऊन मोजून जाते, आणि गोंडा पांढराच पाहिजे असा तिचा हट्ट आहे. मी निळा करणार आहे.