टोकियोच्या यामानोते लाइनची पूर्ण फेरी, ई२३५ गाडीतून

टोकियोला जाणारे सगळेच यामानोते लाइनमध्ये बसतात, पण शिबुयाला चढले की शिंजुकुला उतरले, गाडीकडे बघायला वेळच नसतो कुणाकडे. माझं सांगणं एवढंच आहे की एक तास वेगळा काढा आणि गाडीसाठी म्हणून पूर्ण फेरी मारा. ३४.५ किलोमीटरचा गोल, ३० स्टेशनं, तासाभरात जिथून चढलात तिथेच परत.

मी डोंबिवलीची, वीस वर्षं लोकलने ऑफिस केलंय, त्यामुळे लोकल म्हटलं की माझा जीव तिथेच अडकतो. या वेळी निशी-कासाईला दादा-वहिनींकडे उतरले होते (तिकडे आपली मंडळी बरीच आहेत), तिथून तोझाई मेट्रोने ओतेमाची आणि मग जमिनीखालूनच चालत टोकियो स्टेशन. फलाट ५ वर शिनागावा-शिबुयाकडे जाणारी म्हणजे बाहेरच्या फेरीची गाडी लागते, ४ वर उएनोकडची. मी ५ धरला.

तिकिटाचं आधी बघून घ्या. सुइका कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) टॅप करून आत गेलात आणि फेरी मारून त्याच स्टेशनला बाहेर पडायला गेलात तर दोन तासांच्या आत गेट उघडतं, पण कापले जातात ते फक्त स्टेशनात येण्याचे पैसे, गाडीत बसण्याचे नाहीत; दोन तासांवर गेलात तर उघडतच नाही, मग खिडकीवर जाऊन समजावत बसा. त्यापेक्षा मशीनवर तोकुनाइ पास काढा, टोकियोच्या २३ वॉर्डांतल्या जेआर (जपान रेल्वे) गाड्यांना दिवसभर चालतो, कुठेही उतरा, परत चढा. आणि वेळ सकाळी दहानंतरची धरा, आठ-साडेआठला तिथेही आपल्यासारखीच चेपाचेपी असते.

आता गाडी. ई२३५ पहिल्यांदा धावली ३० नोव्हेंबर २०१५ ला, आणि पहिल्याच दिवशी बिघाड झाले म्हणून काढून घेतली, नीट करून मार्च २०१६ मध्ये परत आणली. जानेवारी २०२० पासून या लाइनवर फक्त हीच. ११ डबे, प्रत्येक डब्याला एका बाजूला चार दारं. तोंडावर हिरवे ठिपके, वर दाट आणि खाली विरळ होत गेलेले. बाजूला मात्र आडवा पट्टा नाही, हिरवा रंग दारांवर उभा दिलाय, कारण फलाटावर आता सरकती दारं बसवलीत, त्यामागे आडवा पट्टा दिसलाच नसता. हे कळल्यावर मी परत खाली उतरून बघून आले! वीज १५०० व्होल्ट डीसी, आपल्या मुंबईच्या हार्बर लाइनवर २०१६ पर्यंत होती तीच.

आत सात जणांचं लांब बाक, मध्ये दोन उभे दांडे, त्यामुळे आपोआप दोन-तीन-दोन अशी माणसं बसतात. एका माणसाला ४६ सेंटीमीटर. कुणी "जरा सरका" म्हणत नाही, लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकणाऱ्या बाईला हे बघून काय वाटलं असेल तुम्हीच समजा. सामानाच्या रॅकच्या वर, एरवी कागदी जाहिराती असतात तिथे स्क्रीनची रांग आहे.

दहा नंबरचा डबा मुद्दाम शोधा. बहुतेक गाड्यांत तो आधीच्या ई२३१ गाडीतून काढून इथे जोडलाय. जुन्या गाडीत तिथे सहा दारांचा डबा होता, फलाटावरची दारं बसवायची म्हणून २०१० च्या सुमारास तो काढून चार दारांचा नवा करकरीत डबा घातला, मग दहा वर्षांत तो भंगारात कसा टाकायचा? आतल्या पाटीवर नंबर ४६ ने सुरू होत असेल तर तुम्ही त्याच डब्यात आहात.

नंतर मी पहिल्या डब्यात मोटरमनच्या मागच्या काचेशी जाऊन उभी राहिले आणि तिथून हललेच नाही. पांढरा हातमोजा, तपासायचं काही आलं की बोट सरळ समोर आणि तोंडाने मोठ्याने उच्चार, प्रत्येक वेळी, कुणी बघत असो नसो. सुटताना बोट घड्याळावर. संध्याकाळनंतर काचेमागचा पडदा ओढलेला असतो, म्हणून दिवसाच जा.

एक लक्षात ठेवा, काही गाड्या ओसाकीला संपतात, डेपो जवळच आहे. माझी संपली, सगळे उतरले म्हणून मीही उतरले, चार-पाच मिनिटांत मागची आली. फोनवर बोलू नका, सॅक पोटावर घ्या. मसाले, डाळी संपल्या असतील तर शिन-ओकुबोला उतरा. ओत्सुकाला पुलाखालून ट्राम जाते, तीही बघा. निप्पोरीच्या उत्तर गेटबाहेरच्या पुलावर गाड्या बघायला खास सज्जा केलाय, शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनसुद्धा खालून जाते.

पण वेळ एकाच ठिकाणी घालवायचा असेल तर कोमागोमे. पूर्वेच्या गेटने बाहेर पडून रुळांच्या कडेकडेने ताबाताच्या दिशेने चालत राहा, यामानोतेवर शिल्लक राहिलेलं एकमेव फाटक तिथे आहे. फाटक पडतं, एक गाडी या बाजूने, लगेच दुसरी त्या बाजूने, हातभर अंतरावरून ते हिरवे ठिपके. मग दांडा वर जातो, सायकलवरच्या आजी पिशवी सावरत पटकन पलीकडे जातात आणि घंटा परत सुरू. मी पाऊण तास उभी होते तिथे, पाणी बरोबर ठेवा, सावली फारशी नाही.