‘अनुमतीची गरज नाही’ असं छापलेली पुस्तिका आणि माझे सात आठवडे

जपमाळेच्या महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात, आमच्या घरोघरच्या रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, एक मराठी पुस्तिका आली. ९६ पानं, वर पवित्र मरियेचं चित्र, आत परदेशातल्या कुणा स्त्रीला मिळालेले म्हणून छापलेले ‘संदेश’. रोझरी संपली की त्यातला एक संदेश मोठ्याने वाचायचा, असं हळूहळू ठरून गेलं होतं. ती सगळ्यांनी मिळून वाचावी की नाही, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मिळायला सात आठवडे लागले. त्यातले निदान पाच वाचले असते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तसं त्या वर्षी घरात येणारं सगळंच धार्मिक वाचन, यूट्यूब, व्हॉट्सअॅप नीट निवडायचं मी ठरवलं होतं. बाकीचं दोन शनिवारांत उरकलं. अडलं ते इथेच.

पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर, अगदी बारीक टायपात, अशा अर्थाची ओळ होती: पोप सहावे पॉल यांनी १४ ऑक्टोबर १९६६ रोजी मंजूर केलेल्या निर्णयाने जुन्या कॅनन लॉमधली (चर्चच्या कायद्यातली) १३९९ आणि २३१८ ही कलमं रद्द झाली, त्यामुळे दर्शनं व संदेश छापायला बिशपांची अनुमती लागत नाही. तारीख आहे, कलमांचे आकडे आहेत, पोपचं नाव आहे. वाचणाऱ्याला वाटतं, पक्कं काम आहे. आमच्या गटातल्या एका काकूंनी तीच ओळ बोट ठेवून दाखवली आणि विषय तिथेच संपला.

ही ओळ जगभर अशा पुस्तिकांमध्ये छापली जाते, आणि तिचा अर्थ चुकीचा लावलेला असतो. निर्णय खरा आहे. १९१७ च्या कायद्यात काही प्रकारची पुस्तकं आपोआप निषिद्ध ठरत आणि ती छापणाऱ्या-वाचणाऱ्यांना शिक्षा होती. १९६६ च्या जूनमध्ये निषिद्ध पुस्तकांच्या यादीचं कायद्याचं बळ काढून घेतलं गेलं, आणि पाठोपाठ ही दोन कलमंही गेली. गेली ती शिक्षा. श्रद्धेला धोका होईल असं लेखन वाचू नये, पसरवू नये, ही जबाबदारी तशीच राहिली. रोममधल्या श्रद्धाविषयक विभागाने २९ नोव्हेंबर १९९६ रोजी स्पष्ट सांगितलं, की असे संदेश मोकळेपणाने पसरवायला परवानगी मिळाली हा अर्थ पूर्णपणे निराधार आहे. शिवाय १९८३ पासून नवा कॅनन लॉ लागू आहे. त्याच्या ८२३व्या कलमानुसार श्रद्धा आणि नीती यांविषयीचं लेखन छापण्याआधी आपल्यापुढे ठेवा, असं बिशप आजही सांगू शकतात.

हे सगळं मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. पण आपल्याला कळणं वेगळं आणि रोझरीच्या गटात दाखवता येईल असं अधिकाराचं उत्तर हातात असणं वेगळं. कोल्हापुरात कॅथलिक घरं थोडी आणि पांगलेली. कुणी गोव्याकडचं, कुणी सावंतवाडीकडचं, कुणी केरळातून नोकरीसाठी आलेलं. एखादी पुस्तिका प्रेमाने आणणाऱ्या माणसाला ‘हे नको’ म्हणायचं तर ते माझं मत असून चालत नाही. दुखावलेलं घर मग रोझरीलाही येत नाही.

म्हणून विचारायला गेले. धर्मगुरू म्हणाले, बिशपांच्या कार्यालयाला लिहा. मी सबंध पुस्तिका स्कॅन करून ईमेल केली आणि विचारलं, ‘हे संदेश खरे आहेत का?’ दोन आठवडे काही नाही. फोन केला तर ‘आधी तुमच्या फादरांना विचारा.’ फादर पुन्हा म्हणाले, कार्यालय. पुन्हा ईमेल, पुन्हा शांतता. या हेलपाट्याचा राग अजून गेलेला नाही. श्रद्धेबद्दल प्रामाणिकपणे विचारायला आलेल्या माणसाला ‘पत्र मिळालं, वेळ लागेल’ एवढी एक ओळ तरी मिळायला हवी. ती मिळत नाही तेव्हा लोक विचारणं सोडतात आणि हाती येईल ते वाचतात.

पण माझा प्रश्नही चुकीचा होता, हेही तितकंच खरं. संदेश खरे की खोटे हे कोल्हापुरातून पाठवलेल्या पत्रावर कुणी ठरवू शकत नाही. ती घटना जिथे घडली तिथल्या बिशपांनी चौकशी करायची असते. १७ मे २०२४ च्या नव्या नियमांनुसार त्यांचा निर्णय रोमच्या मान्यतेनेच जाहीर होतो. निष्कर्षांचे सहा प्रकार आहेत, आणि त्यातला सर्वांत अनुकूल प्रकारही ‘हे नक्की दैवी आहे’ असं म्हणत नाही. श्रद्धाळूंनी याला जवळ करायला हरकत नाही, इतकंच म्हणतो.

शेवटी ज्याने काम झालं ते असं. एक पानी पत्र, खाली धर्मगुरूंचीही सही. सोबत फक्त पाच पानांची झेरॉक्स: मुखपृष्ठ, शीर्षकपान, त्यामागचं प्रकाशकाच्या तपशिलाचं पान आणि संदेशांची दोन पानं. प्रश्न एकच: ‘ही पुस्तिका घरगुती रोझरीत सामूहिकपणे वाचावी का?’ याचं उत्तर हो किंवा नाही असंच येऊ शकतं, आणि ते देणं त्यांच्या अधिकारात असतं. तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट आत ठेवलं आणि पत्र पोचपावतीसह पाठवलं. अकराव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: अनुमती नाही, सामूहिक प्रार्थनेत वापरू नये. ते वाचून सुटल्यासारखं झालं. काकूंना मी ते त्यांच्या घरी जाऊन, एकटीला दाखवलं. रोझरीत सर्वांसमोर काढलं नाही, आणि तुम्हीही काढू नका.

कार्यालयापर्यंत जाण्याआधी घरीच करता येईल अशी तपासणी आहे. मला ती उशिरा सुचली. शीर्षकपानामागे ‘निहिल ऑब्स्टॅट’ (हरकत नाही) आणि ‘इम्प्रिमातुर’ (छापायला अनुमती) पाहा. पहिली खूण तपासनिसाची, दुसरी बिशपांची. दोन्हींखाली नाव, गाव आणि तारीख हवी. नुसतं ‘चर्चच्या मान्यतेने’ छापलेलं असेल तर ते धरू नका. सर्वांत जास्त फसगत अनुवादात होते. नव्या कॅनन लॉचं ८२९वं कलम सांगतं की मूळ पुस्तकाला मिळालेली अनुमती त्याच्या अनुवादाला किंवा नव्या आवृत्तीला लागू होत नाही. इंग्रजी पुस्तकाचा इम्प्रिमातुर मराठी पुस्तिकेवर जसाच्या तसा उतरवलेला दिसला, तर मराठीची अनुमती वेगळी कुठे आहे ते विचारा. प्रार्थनापुस्तकाला तर ही अनुमती लागतेच. आणि इम्प्रिमातुर म्हणजे शिफारस नव्हे. श्रद्धा-नीतीला बाधक काही सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तक कंटाळवाणं किंवा उथळ असू शकतं.

‘हा संदेश नऊ जणांना पाठवा, नाहीतर…’ अशा फॉरवर्डला एवढा वेळ देऊ नका. प्रार्थनेचं फळ नुसत्या बाहेरच्या कृतीवर अवलंबून मानणं ही अंधश्रद्धा आहे, असं कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २१११ सांगतो. तो परिच्छेद मी गटात एकदाच टाकला. नंतर असे फॉरवर्ड बरेच कमी झाले.

बायबलबद्दल सांगायचं राहिलं. मराठीत सहज मिळणारं पवित्र शास्त्र आणि बहुतेक मोफत अॅप ६६ पुस्तकांची असतात, आपली कॅथलिकांची ७३. तोबीत, यहुदीथ, मक्काबी १ व २, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख ही सात त्यांत नसतात, एस्तेर आणि दानीएलचे काही भागही नसतात. रोजच्या मिस्साचं (चर्चमधल्या उपासनेचं) वाचन अॅपवर शोधणाऱ्याला वाटतं, आपलंच काही चुकतंय. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी दानीएलचा १३वा अध्याय वाचतात. ६६ पुस्तकांच्या प्रतीत दानीएल १२व्यालाच संपतो. विकत घेण्याआधी अनुक्रमणिका उघडून तोबीत आहे का एवढं बघा.

यूट्यूबवर मराठीत ख्रिस्ती प्रवचनं शोधली की बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळींची येतात. कोल्हापुरात तर त्यांचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचं, अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केलेलं आहे. म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. रेव्हरंड टिळकांची भजनं मी मनापासून ऐकते. मात्र संस्कार, पवित्र मरिया, मृतांसाठी प्रार्थना हे विषय मी तिथे शिकायला जात नाही. मराठी कॅथलिक वाचन हवं असेल तर ‘निरोप्या’ मासिक आहे. जेजुइट या कॅथलिक धर्मसंघाचे जर्मन फादर हेन्री डोरिंग यांनी ते १९०३ मध्ये सुरू केलं.

अनुमतीचा प्रश्नच येत नाही अशा गोष्टींसाठी, म्हणजे बातम्या, मालिका, भाषणं यांच्यासाठी, मी जेजुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांची कसोटी लावते. १५२१ मध्ये पाय मोडून पडले असताना त्यांच्या लक्षात आलं, की शौर्याच्या स्वप्नांत रमताना छान वाटतं, पण नंतर मन कोरडं पडतं. ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र वाचल्यावरचा आनंद मागेही टिकतो. पुढे त्यांनी शिकवलं, की विचाराची सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही पाहा. म्हणून मी बघून संपल्यावर लगेच काही लिहीत नाही. दोन तासांनी वहीत तीन शब्द लिहिते: मन शांत की बेचैन, प्रार्थनेकडे वळलं की नाही, कुणाबद्दल राग वाढला का. पंधरा दिवसांच्या नोंदी एकत्र वाचल्यावर तीन चॅनल बंद केले. त्यातलं एक कॅथलिकच होतं. शिकवण बरोबर होती, पण प्रत्येक व्हिडिओनंतर कुठल्या ना कुठल्या बिशपांबद्दल चीड उरायची. मन आधीच उदास असेल त्या आठवड्यात मात्र काहीही बंद करू नका. निराशेच्या काळात आधीचा निर्णय बदलू नये, हेही इग्नाशियस यांचंच सांगणं. फोनवर ऑटोप्ले बंद करायला विसरू नका, नाहीतर निवड तुमची राहत नाही.

आता रोझरीनंतर आम्ही येत्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला उतारा, वाचतो. ज्या घरी रोझरी, त्या घरातल्या माणसाने वाचायचं. उतारा आदल्या दिवशी कळवतो, म्हणजे त्याला तो एकदा मोठ्याने वाचून बघता येतो. पहिल्यांदा वाचलं ते काकूंनीच.