हस की बे

१५ जानेवारी २०२५, बुधवार. रात्रीचे साडेदहा.

काल दुपारी सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या, नंदीध्वज पुढे सरकले आणि गर्दी जरा सैल झाली, तेव्हा मल्लूने नेहमीप्रमाणे आम्हा सगळ्यांना तलावाच्या कडेला ओळीने उभे केले. दरवर्षीचा फोटो. बाराबंदीच्या बाहीने कपाळ पुसून त्याने मोबाईल समोर धरला, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबून म्हणाला, "तू हस की बे. तुला हसायला येतं की चांगलं."

सगळे हसले. मीही हसलो असेन. त्याने फोटो काढला, डबीतून तिळगूळ काढून प्रत्येकाच्या हातावर ठेवला आणि तो नंदीध्वजांच्या मागे निघून गेला.

हे वाक्य तेव्हापासून माझ्या मागे लागले आहे. त्यात काही आहे की नाही, हेच कळत नाही. आपल्या सोलापुरात 'की' कुठल्याही वाक्याला चिकटतो. 'ये की', 'बस की', 'खा की' यांत जसा काही टोमणा नसतो, तसा 'हस की' यातही नसावा. 'बे' तर आम्ही पाचवीपासून एकमेकांना म्हणत आलो आहोत. माझे सगळे अडते ते 'चांगलं' या एका शब्दापाशी. 'हस की बे' एवढ्यावर तो थांबला असता तर मी घरी येऊन जेवलो असतो आणि झोपलो असतो. मला हसायला चांगले येते हे त्याला कोठून कळले, असा प्रश्न पडला आणि झोप गेली, कारण कोठून कळले असेल याचे एक उत्तर माझ्याजवळ आहे.

ते उत्तर ३ डिसेंबरचे आहे. विधानसभेला मतदान यंत्रांनी दाखवलेले आकडे पटले नाहीत म्हणून माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने त्या दिवशी गावापुरते मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले होते, प्रशासनाने जमावबंदी लागू केली, पोलीस आले आणि गावाने ते मतदान रद्द केले. मारकडवाडीतले मतदान रद्द झाले, पण आमच्या ग्रुपवरचे रात्री पावणेबारापर्यंत चालू होते. मल्लूचे म्हणणे असे, की गावाला आपल्याच मनाच्या समाधानासाठी मोजून बघायचे असेल तर त्यात कोणाचे काय जाते? पक्याचे म्हणणे असे, की प्रत्येक मतदारसंघातल्या पाच केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताळा बघितला जातोच, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये मतपत्रिकेची मागणी फेटाळलेलीही आहे, आणि शिवाय तक्रार करणाऱ्यांचाच उमेदवार तालुक्यातून निवडून आलेला आहे. मल्लू म्हणाला, प्रश्न तालुक्याचा नसून त्या गावच्या आकड्यांचा आहे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, आणि खरे सांगायचे तर त्या रात्री मला मल्लूचेच अधिक पटत होते. हे मी येथे लिहितो आहे. तेथे लिहिले नाही.

मग पक्याने लिहिले, "मल्लूच्या डोक्यातलीच आधी फेरमोजणी करा बे, काही शिल्लक निघतंय का बघू."

मी त्यावर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला तो चेहरा लावला.

येथे स्वतःशी तरी प्रामाणिक राहिले पाहिजे. माझा अंगठा घसरला नव्हता, झोपेतही नव्हतो, चष्माही डोळ्यांवर होता. मला खरोखर हसू आले. वाक्य चांगले जमले होते. पक्याला शाळेपासून ही देणगी आहे. गणिताच्या सरांनाही त्याने एकदा असेच हसवून छडी खाली ठेवायला लावली होती. विनोद मल्लूवर आहे, मल्लू आपला आहे, आणि मल्लूचेच आपल्याला पटते आहे, हे तिन्ही विचार हसण्याच्या मागून आले. तोवर चेहरा लागला होता आणि त्याच्या शेजारी आणखी सहा चेहरे येऊन बसले होते.

वीसेक मिनिटांनी मी तो काढून टाकला. हासुद्धा पश्चात्ताप नव्हता. श्रीनूने मला एकट्याला वेगळा संदेश पाठवला होता, "तू पण?", आणि तो वाचून मी घाईघाईने माझा चेहरा पुसला. त्या सोयीची रचना अशी आहे, की चेहरा लावला की ज्याचा संदेश असेल त्याला सूचना जाते. बाकीच्यांना मात्र तेथे बोट ठेवून, कोण कोण हसले ती नावे मुद्दाम बघावी लागतात. म्हणजे पक्याला कळले असणार. मल्लूला कळायचे तर त्याने स्वतःवरच्या विनोदाखाली बोट ठेवून यादी उघडायला हवी होती, आणि तीही त्या वीस मिनिटांत. उघडली असेल का? गेला दीड महिना मी स्वतःला सांगत आलो, की असे कोणी करत नाही. पण श्रीनूने केले होते, आणि विनोद श्रीनूवर नव्हताच. मल्लूच्या जागी मी असतो तर सर्वांत आधी यादीच उघडली असती.

मला वाईट कशाचे वाटते, तर दहा वर्षांपूर्वी हा ग्रुप मीच काढला. १९८६ च्या दहावीचे एकोणतीस जण मी एकेकाला फोन करून, पत्ते शोधून गोळा केले. तेव्हापासून लोकसभा झाली, विधानसभा झाली, आरक्षणाची आंदोलने झाली, टाळेबंदी झाली, आणि प्रत्येक वेळी "मित्रांनो, हा विषय येथेच थांबवू या" हे वाक्य मीच लिहिले. थांबले कोणीच नाही, पण लिहिणारा मी होतो. गेल्या जूनमध्ये सोलापुरातून काँग्रेसचा खासदार निवडून आला तेव्हा मल्लू मतदारांच्या शहाणपणावर भरभरून लिहीत होता आणि पक्या लोकांची दिशाभूल झाल्याचे सांगत होता. नोव्हेंबरमध्ये शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण सोलापूर या तिन्ही जागा भाजपकडे गेल्या आणि दोघांनी आपापली वाक्ये जशीच्या तशी एकमेकांना देऊन टाकली. हे मला दिसले होते, त्याची गंमतही वाटली होती. तरी मी बोललो नाही, कारण दोघेही दुखावले असते. बहात्तर वेळा तोंड मिटून बसलेल्या माणसाच्या खात्यावर शेवटी शिल्लक काय राहावे, तर एक पिवळा हसरा चेहरा? माझ्याकडून कधी कोणाला त्रास झाला? बारशाला, मुंजीला, दवाखान्यात, मसणवट्यात, कोठे मी नव्हतो?

हा परिच्छेद आत्ता पुन्हा वाचला. बहात्तर हा आकडा मी कोठून आणला, देव जाणे.

परवाच्या १२ तारखेचेही असेच झाले. ही तारीख आमच्या ग्रुपला दरवर्षी जड जाते. जिजाऊंची जयंती, विवेकानंदांची जयंती आणि आपल्या चार हुतात्म्यांचा बलिदान दिन, हे सगळे त्याच दिवशी. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली त्या दिवशी येरवड्यात फाशी दिले. त्याआधीच्या मे महिन्यात याच गावावर इंग्रजांनी लष्करी कायदा लादला होता. लहानपणी आम्हाला ही चार नावे एका दमात म्हणायला शिकवली होती आणि त्यांतले कोण कोणत्या समाजाचे, हे मला कितीतरी वर्षे ठाऊकही नव्हते. यंदा आधी कोणाचा फोटो यावा यावरून सुरुवात झाली आणि चौघांत कोणाचे नाव आधी लिहावे येथपर्यंत ती गेली. दोन्ही बाजूंनी त्याच चौघांचे दाखले दिले. शेवटी श्रीनूने तीच चार नावे चार वेगवेगळ्या क्रमांनी लिहून चार वेळा टाकली. मी चारही संदेशांखाली हात जोडले. ग्रुपमध्ये रशीद असता तर त्याने 'गझनफर'ची आठवण काढली असती. कुर्बान हुसेन ते पत्र चालवत, हे मला त्यानेच सांगितले होते. रशीद केव्हा आणि कशावरून बाहेर पडला, ते आज लिहायचे नाही.

मल्लूकडे परत येतो. ३ डिसेंबरनंतर तो पंधरा दिवस ग्रुपवर एक अक्षर बोलला नाही. रोज सकाळी सहाला येणारे बसवण्णांचे वचन बंद झाले. त्याहून मोठे म्हणजे पाण्याचे वेळापत्रक बंद झाले. चार-पाच दिवसांआड येणारे नळाचे पाणी आपल्या भागात कधी सुटणार, हे मल्लू आदल्या रात्री टाकतो, आणि आमच्यातले निम्मे संसार त्यावर चालतात. पक्याचासुद्धा. दोनदा आमचे पाणी चुकले. ही म्हणाली, "मल्लूभावजींचं काही बिनसलंय का?" मी काही बोललो नाही. ते मौन माझ्या हसण्यामुळे आहे, असे मी धरून चाललो होतो. मग एक दिवस वचन आले, वेळापत्रक आले, आणि मी सुटकेचा श्वास टाकून विषय मनातून काढला. काढला असे समजलो.

आज सकाळी राहवले नाही. संक्रांतीचे निमित्त होतेच. एकदाचे विचारून टाकावे, म्हणून त्याच्या घरी गेलो. तो होमाच्या तयारीसाठी लवकरच बाहेर पडला होता. अव्वा, म्हणजे त्याच्या आई, ओसरीवर बसल्या होत्या. मला आवाजावरूनच ओळखायच्या त्या हल्ली, पण आज लांबूनच म्हणाल्या, "ये तम्मा, वाळलास की रे." हातावर तीळ आणि गूळ ठेवून म्हणाल्या, "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे मातनाडु." एवढे कानडी येथे कोणाला कळत नाही? तीळगूळ खा, चांगले बोल. चांगले हा शब्द पुन्हा माझ्यापुढे आला, तोही दुसऱ्या भाषेतून.

मग त्यांनी सांगितले, की डिसेंबरात त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. आधी एका डोळ्याचे, आठवड्याने दुसऱ्याचे. मल्लू पंधरा दिवस त्यांच्या उशाशी होता, दर दोन तासांनी थेंब घालायला. "फोन हातात घेऊ देत नव्हते मी त्याला," त्या म्हणाल्या, "थेंब विसरतो म्हणून."

म्हणजे माझ्या हसण्याचा त्या मौनाशी काडीचाही संबंध नव्हता. मला हायसे वाटायला हवे होते. खरोखर वाटले काय, तर किंचित अपमान झाल्यासारखे. दीड महिना मी एक अपराध उराशी घेऊन हिंडत होतो आणि ज्याचा अपराध केला तो डोळ्यांत थेंब घालत बसला होता. अव्वांचे दोन्ही डोळे झाले आणि आम्हा एकोणतीस जणांपैकी कोणाला त्याचा पत्ता नव्हता. पंधरा दिवसांत मी एक फोन केला असता तर कळले असते. फोन का केला नाही, तर त्याने हसण्याचा विषय काढला असता म्हणून.

घरी येऊन हिला सगळे सांगितले. यादी, वीस मिनिटे, 'चांगलं', थेंब, सगळे. ती भोगीचे उरलेले तीळ निवडत होती. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "तुमचं तोंड फोटोत नेहमी वर्गणी मागायला आलेल्या माणसासमोर उभं राहिल्यासारखं असतं. मी लग्नातच सांगितलं होतं. त्यांनी हस म्हटलं, यात नवल काय?"

लग्नाचा अल्बम काढून बघितला. तिचे बरोबर आहे.

तरीही 'चांगलं' उरतोच. समजा, मल्लूने यादी पाहिली होती. पाहूनही त्याने वेळापत्रक टाकले, तिळगूळ दिला, आणि एवढेच एक वाक्य बोलला, तेही हसत, सगळ्यांसमोर, ज्याला कळायचे त्याला कळेल अशा बेताने. तसे असेल तर हिशेब चुकता झाला म्हणायचा आणि मला फार स्वस्तात सोडले म्हणायचे. आणि पाहिली नसेल, तर तो निव्वळ फोटो काढत होता. कोणते खरे, हे त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि विचारायचे तर आधी मी हसलो होतो हे सांगावे लागेल. सकाळी त्याच्या दारात उभा होतो तेव्हा तो घरी नाही हे ऐकून मला बरे वाटले, हेही लिहून ठेवतो.

आत्ता साडेनऊला त्याने कालचा फोटो ग्रुपवर टाकला. पक्या हसतो आहे, श्रीनू हसतो आहे, मागे तलावाच्या पाण्यावर ऊन आहे. मी अर्धवट तोंड उघडून कॅमेऱ्याऐवजी मल्लूकडे बघतो आहे. फोटोखाली पहिला हसरा चेहरा लागलेला दिसला, तेव्हा मी बोट ठेवून नाव पाहिले. पक्याच होता. मी काय लावावे याचा बराच वेळ विचार केला आणि काहीच न लावता फोन ठेवून दिला.

पुन्हा उचलला तेव्हा फोटोच्या खाली मल्लूचा दुसरा संदेश आला होता. आपल्या भागात उद्या पहाटे साडेतीनला पाणी, दाब कमी राहील, मोटार आधी लावून ठेवणे. त्याखाली मी हात जोडले आणि सव्वातीनचा गजर लावला.